विद्यापीठातील ग्रंथस्वामित्व आणि मराठी संशोधक

विद्यापीठाच्या परीक्षांभोवती पुस्तकांचा व्यापार वाढतो, ही गोष्ट मुंबईला नवी नाही. या शतकाहून जुन्या व्यवहारातून निर्माण झालेला एक खटला बौद्धिक संपदेच्या अभ्यासकांना आजही वाचावा लागतो. १९१८ मध्ये मॅकमिलन या इंग्रज प्रकाशनसंस्थेने प्लूटार्ककृत अलेक्झांडरच्या चरित्राची शालेय आवृत्ती काढली. सर टॉमस नॉर्थ याच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून काही उतारे निवडून ते जोडलेले होते, आणि सोबत संपादकाची प्रस्तावना व टिपा होत्या. पुढे मुंबईतील शैक्षणिक ग्रंथांचे प्रकाशक के. आणि जे. कूपर यांनी त्याच विषयाचे तसेच पुस्तक छापले. वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२३ मध्ये निकाल लागला. जुन्या भाषांतरातील उतारे कमीअधिक करून जोडण्यात स्वतंत्र निर्मिती म्हणावी असे काही नाही, म्हणून त्या मजकुरावर मॅकमिलनचे स्वामित्व नाही. परंतु टिपा लिहिण्यास विद्वत्ता, परिश्रम आणि विवेक लागतो, म्हणून टिपांवर ते आहे, असा तो निर्णय होता.

हा निर्णय प्रस्तुत लेखाच्या आरंभी सांगण्याचे कारण असे की, संशोधक म्हणून आपण ज्या गोष्टी लिहितो त्या बहुधा टिपांच्याच जातीच्या असतात. मूळ संहिता दुसऱ्याची, भाषा समाजाची, उदाहरणे कोणा सांगणाऱ्याची. आपले असते ते त्यांवर केलेले काम. ते काम कोणाचे, त्याचा उपयोग कोणी किती करावा आणि अतिक्रमण झाल्यास काय करावे, याविषयी आपल्या पदव्युत्तर वर्गांत आणि, स्पष्टच बोलावयाचे तर, अध्यापकवर्गातही पुरेशी जाणीव नाही. ती व्हावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. दोन भिन्न दोष

ग्रंथस्वामित्वाचा भंग आणि वाङ्मयचौर्य हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः ते दोन वेगळे दोष आहेत. पहिला कायद्याचा, दुसरा विद्येच्या आचारधर्माचा. कित्येकदा ते एकत्र घडतात, परंतु एक घडून दुसरा न घडणे सहज शक्य आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये निवर्तले. आपल्या कायद्याप्रमाणे ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्व टिकते. तेव्हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क केव्हाच संपुष्टात आला आहे. त्यांच्या प्रस्तावनेतील चार पाने कोणी आपल्या नावावर छापली तर कोणतेही न्यायालय त्याला शिक्षा करणार नाही. तरीही ते निखालस वाङ्मयचौर्य होय. उलटपक्षी, एखाद्या हयात लेखकाचा संपूर्ण ग्रंथ त्याचे नाव कायम ठेवून कोणी छापून विकला, तर तेथे चौर्य नाही, कारण लेखकाचे नाव लपविलेले नाही. पण स्वामित्वाचा भंग मात्र पुरा आहे. म्हणून 'मी तळटीप दिली आहे' हे कायद्याला सर्वत्र पुरेसे उत्तर नव्हे, आणि 'पुस्तक जुने आहे' हे परीक्षकाला पुरेसे उत्तर नव्हे.

मुदतीचा हिशेब करण्याची रीत सोपी आहे. मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे मोजावयाची. आचार्य अत्रे १९६९ मध्ये वारले. त्यांच्या लेखनावरील स्वामित्व २०२९ अखेरपर्यंत चालू राहील. डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांची मुदत २०१६ अखेर संपली. लेखकाच्या पश्चात प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या ग्रंथाची साठ वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात. नोंदणी केली नाही म्हणून हक्क नाही, हा समजही चुकीचा आहे. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठामागे १८६७ च्या २५ व्या आक्टाचा उल्लेख आढळतो, त्यामुळे तो रूढ झाला असावा. आज स्वामित्व लेखनाबरोबरच उत्पन्न होते. नोंदणी हा केवळ पुरावा.

२. भाषांतर

भाषांतराचा प्रश्न मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. १८९५ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे इंग्रजी ग्रंथांच्या उर्दू भाषांतराविषयी मॅकमिलनचाच एक खटला आला होता. तेव्हा भारतात १८४७ चा कायदा लागू होता. त्या कायद्याखाली भाषांतर करणे म्हणजे मूळ ग्रंथाची नक्कल करणे नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. एकोणिसाव्या शतकात देशी भाषांतील पाठ्यपुस्तके मोठ्या प्रमाणावर भाषांतराने उभी राहिली, त्या काळाची कायद्याची समज ही अशी होती. १९१४ च्या कायद्याने मूळ लेखकाला भाषांतराचा हक्क दिला, पण दहा वर्षांपुरता: तेवढ्या काळात त्या देशी भाषेत त्याने भाषांतर प्रसिद्ध केले नाही तर तो हक्क संपे. १९५७ च्या कायद्याने भाषांतराचा हक्क स्वामित्वाचाच भाग केला. मात्र प्रकाशनानंतर सात वर्षे लोटूनही एखाद्या भाषेत भाषांतर उपलब्ध नसेल तर योग्य मोबदला देऊन परवाना मागण्याची सोय त्याच्या ३२ व्या कलमात ठेवली. अध्यापन व संशोधन यांसाठी परकीय ग्रंथांच्या बाबतीत ही मुदत आणखी कमी आहे.

सारांश, कायद्याने भाषांतरकाराची वाट बंद केलेली नाही. परवानगी मागावी एवढेच म्हटले आहे. परंतु आपल्याकडे इंग्रजी ग्रंथातील एखादे प्रकरण मराठीत उतरवून ते स्वतःचे विवेचन म्हणून प्रबंधात घालण्याची जी चाल आहे, तिला १८९५ चाही निर्णय आधार देऊ शकत नाही. त्या निर्णयात प्रश्न भाषांतर करण्याच्या मोकळिकीचा होता. दुसऱ्याचा विचार आपला म्हणून मिरविण्याची मोकळीक कोणत्याही काळी कोणी दिलेली नाही.

३. वर्ग, प्रश्नपत्रिका आणि छायाप्रती

अध्यापकाच्या व्याख्यानावर कोणाचा हक्क? हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे १८८७ मध्ये हा प्रश्न आला. ग्लासगो विद्यापीठातील नीतिशास्त्राचे प्राध्यापक केअर्ड यांच्या व्याख्यानांची टिपणे एका पुस्तकविक्रेत्याने छापली होती. वर्गात बोलणे म्हणजे सर्व जगाला अर्पण करणे नव्हे, असा निकाल प्राध्यापकांच्या बाजूने लागला. भारतीय कायद्यातही जाहीर भाषणाचा प्रथम स्वामी भाषण करणाराच असतो. वर्गातील व्याख्यान ध्वनिमुद्रित करून इतरत्र प्रसृत करण्याआधी विद्यार्थ्याने विचारावे, हे सौजन्य आहेच. त्याला कायद्याचाही पाठिंबा आहे. प्रश्नपत्रिकेसंबंधी १९१६ चा लंडन विद्यापीठाच्या मुद्रणालयाचा खटला प्रसिद्ध आहे. प्रश्नपत्रिका हेही वाङ्मयच आहे, आणि परीक्षक विद्यापीठाचे नोकर नसल्यामुळे प्रथम स्वामित्व त्यांचेच, असे तेथे ठरले. नोकरीच्या करारान्वये केलेले लेखन मात्र, उलट करार नसल्यास, मालकाचे ठरते. म्हणून अध्यापकांनी आपल्या नेमणुकीच्या अटी एकदा तरी लक्षपूर्वक वाचाव्यात. विद्यार्थी नोकर नसतो; त्याचा प्रबंध त्याचाच.

ग्रंथांच्या छायाप्रतींविषयी दिल्लीचा निकाल सर्वांना ठाऊक असावयास हवा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ व त्याच्या आवारातील एका छायाप्रतीच्या दुकानावर दावा लावला. नेमलेल्या ग्रंथांतील निवडक प्रकरणांच्या प्रती बांधून विद्यार्थ्यांना दिल्या जात, हा आक्षेप होता. सप्टेंबर २०१६ मध्ये एकसदस्य पीठाने दावा फेटाळला. डिसेंबरात खंडपीठाने प्रकरण पुढील सुनावणीसाठी परत पाठविले, तरी अध्यापनाच्या हेतूला आवश्यक तेवढी प्रत काढण्यास कायद्याची मुभा आहे, हे तत्त्व मान्य केले. पुढे मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. या निर्णयाचा अर्थ 'कोणतेही पुस्तक पूर्ण छापून घ्यावे' असा काढणे अप्रस्तुत होय. गिरगावात आणि दादरला आजही मराठी पुस्तके विकून जगणारी माणसे आहेत. पाचशे प्रतींच्या आवृत्तीवर चालणाऱ्या मराठी प्रकाशकाची स्थिती ऑक्सफर्डसारखी नाही. मुभा शिकविण्यापुरती आहे, ग्रंथ विकत न घेण्यासाठी नव्हे.

४. शेकडेवारी आणि मराठीचा स्वभाव

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यप्रतिबंधाचे विनियम केले. शेकडा दहापर्यंतचे साम्य क्षम्य. दहा ते चाळीसपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध. चाळीस ते साठ असल्यास एक वर्षपर्यंत सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई. साठाहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द. दोषी अध्यापकाच्या वेतनवाढी रोखण्याची व काही वर्षे मार्गदर्शक म्हणून काम करू न देण्याची तरतूदही त्यांत आहे. प्रत्येक विभागात व संस्थेत चौकशीसाठी समिती असावी असे म्हटले आहे. सामान्य ज्ञानाचे अथवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य गणनेतून वगळले आहे.

भाषाशास्त्राचा अध्यापक म्हणून मला येथे थोडे थांबावेसे वाटते. चौदा शब्द ही मर्यादा सर्व भाषांना सारखीच लावली तर ती सारखी राहत नाही. पुढील शब्दसंहती पाहा: 'गिरगावातल्या जुन्या चाळींमधून राहणाऱ्या कुटुंबांच्या बोलण्यातसुद्धा'. हे मराठी शब्द सहा आहेत. हाच आशय सरळ इंग्रजीत मांडल्यास बरोबर चौदा शब्द लागतात. कारण उघड आहे. इंग्रजीत जी कामे स्वतंत्र अव्यये व उपपदे करतात, ती मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात, आणि ती सामान्यरूपाला जोडूनच लिहिली जातात. म्हणून मराठीतील सलग चौदा शब्द म्हणजे इंग्रजीतील दोन ओळींहून अधिक मजकूर होय. अनवधानाने इतके जुळणे मराठीत पुष्कळ दुर्मिळ आहे.

याच गुणामुळे दुसऱ्या बाजूने चोरी लपविणेही सोपे होते. 'कुटुंबांच्या' ऐवजी 'कुटुंबांतील' असे लिहिले, की अक्षरांची जुळणी करणाऱ्या यंत्राला सलगता तुटलेली दिसते, वाचकाला मात्र काहीच बदललेले दिसत नाही. शुद्धलेखनाची अडचण आणखी आहे. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथातील उतारा आजच्या लेखनपद्धतीत उतरविला, तर शब्दाशब्दावर फरक पडतो आणि जुळणी होत नाही. ज्या मराठी मजकुराची टंकने जुन्या, परस्परांशी न जुळणाऱ्या अक्षरसंचांत झाली, तो मजकूर यंत्राला वाचताच येत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, मराठीतील विद्वत्तेचा फार मोठा भाग अद्याप कागदावरच आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भविभागात जाऊन जुन्या नियतकालिकांच्या फायली चाळणाऱ्याला जे सापडेल, ते कोणत्याही संगणकाला सापडणार नाही. तेव्हा मराठी प्रबंधाला जोडलेले 'साम्य शेकडा तीन' हे प्रमाणपत्र त्याच्या स्वतंत्रतेचा पुरावा नव्हे. तो पुरावा विषय जाणणाऱ्या परीक्षकाच्या वाचनातूनच मिळतो.

स्वतःचा एक अनुभव सांगतो. माझा प्रबंध सादर झाल्यावर काही वर्षांनी एका परिसंवादाच्या संग्रहात बोलीविषयक एक निबंध माझ्या वाचनात आला. उदाहरणवाक्ये ओळखीची वाटली. पुढे एका क्रियारूपाशी अडखळलो. ते रूप मी ध्वनिमुद्रणावरून उतरविताना चुकीचे लिहिले होते, आणि चूक ध्यानात आली तोपर्यंत प्रबंध बांधून गेला होता. निबंधातही तीच चूक त्याच जागी होती. दोन संशोधकांना एकच सत्य सापडू शकते. एकच चूक एकाच वाक्यात सापडणे कठीण. मी पत्र लिहिले; मोघम उत्तर आले; मी प्रकरण पुढे नेले नाही. याची खंत मला माझ्यासाठी वाटत नाही. ती वाक्ये लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या वृद्ध बाईंनी मला सांगितली होती. 'माझं नाव घालशील ना रे?' असे त्यांनी दोनदा विचारले होते, आणि मी ते घातले होते. त्या निबंधात माझे नाव नव्हते याचे फारसे काही नाही, त्यांचे नव्हते. ते परत मिळविण्याचे काम माझे होते आणि मी ते केले नाही.

५. सांगणाऱ्याचा हक्क

भाषा, लोकसाहित्य, समाजशास्त्र आणि इतिहास या विषयांतील संशोधकांनी हा भाग विशेष लक्षात घ्यावा. परंपरेने आलेल्या ओवीला कर्ता नसतो, म्हणून तिच्या शब्दांवर कोणाचे स्वामित्व सांगता येत नाही. परंतु ती गाणाऱ्या व्यक्तीला १९९४ च्या दुरुस्तीपासून सादरकर्त्याचा हक्क आहे आणि तो पन्नास वर्षे टिकतो. तिच्या संमतीवाचून ध्वनिमुद्रण करणे हा त्या हक्काचा भंग होय. निखळ अध्यापन किंवा संशोधन यांसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला कायद्याने सूट दिली आहे; पण ही सूट त्या हेतूपुरतीच. तेच ध्वनिमुद्रण पुढे सर्वांसाठी प्रसृत केले किंवा विकले तर सूट संपली. म्हणून संमती मुद्रणापूर्वीच, मराठीत, वाचून दाखवून आणि पुढील सर्व उपयोग सांगून घ्यावी.

गिरणगावाने या बाबतीत आपल्याला चांगला धडा घालून दिला आहे. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागचे जीवन विस्कटले. ते बोलक्या माणसांच्या स्मृतीतून गोळा करण्याचे काम नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी केले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ कामगारांच्या व कार्यकर्त्यांच्या स्वमुखीच्या निवेदनांवर उभा आहे. शंभर वर्षे आणि शंभर आवाज, असे त्याचे नावच सांगते. आवाज गोळा करणारा आणि आवाज देणारा हे दोघेही पुस्तकात दिसले पाहिजेत, हे तत्त्व त्यातून घेण्यासारखे आहे.

६. एकस्वाविषयी थोडेसे

शास्त्र व तंत्रविद्या शाखांत हाच प्रश्न एकस्वाच्या, म्हणजे पेटंटच्या, रूपाने येतो. त्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण हळदीचे आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गिरगावात वाढलेले, तेथल्याच युनियन हायस्कूलचे विद्यार्थी आणि पुढे माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे पदवीधर. प्रत्येक मराठी घरातील आजीला ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध करण्यास अडचण का यावी? कारण अमेरिकेच्या तत्कालीन कायद्यात परदेशातील मौखिक ज्ञान पूर्वज्ञात म्हणून गणले जात नसे. ते छापलेले असावे लागे. म्हणून संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतील उतारे आणि १९५३ चा एक वैद्यकीय निबंध पुरावा म्हणून ठेवावे लागले. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे जे अंकीय भांडार सुरू झाले, त्याच्यामागे हाच अनुभव होता. लिहून ठेवण्याचे आणि भाषांतर करण्याचे काम किती मोलाचे आहे, हे भाषेच्या अभ्यासकांना याहून चांगल्या रीतीने कोण सांगणार?

तंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांनी एक नियम मात्र विसरू नये. शोध आधी प्रसिद्ध केला तर त्याची नवीनता जाते. विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासाठी आपल्या कायद्याने बारा महिन्यांची सवलत ठेवली आहे, पण परदेशी कायदे तितके उदार असतीलच असे नाही. म्हणून अर्ज आधी, निबंध नंतर. शैक्षणिक संस्थांना अर्जाच्या शुल्कात २०२१ पासून शेकडा ऐंशी सूट आहे, आणि पेटंटचे कार्यालय अँटॉप हिललाच आहे. खर्च आणि अंतर ही दोन्ही कारणे मुंबईकराला आता सांगता यावयाची नाहीत.

७. विभागाने काय करावे

अंमलबजावणी म्हणजे केवळ शिक्षा नव्हे. चौकशीच्या पायरीपर्यंत प्रकरण येते तेव्हा विद्यार्थ्याची दोन-तीन वर्षे आणि मार्गदर्शकाचा विश्वास आधीच वाया गेलेला असतो. पुढील गोष्टी नियमाने झाल्यास बरेचसे दोष मुळातच टळतील असे मला वाटते.

पहिली, अवतरण कसे द्यावे आणि दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत सांगतानाही त्याचे ऋण कसे नोंदवावे, हे पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या सत्रातच शिकवावे. आपल्या शाळांतून उत्तर पाठ करून लिहिणे हा गुण मानला जातो. तोच विद्यार्थी विद्यापीठात आला की आपण त्याला एकाएकी चोर म्हणू लागतो. हे न्यायाचे नाही. दुसरी, मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचा संयुक्त निबंध असल्यास कोणी काय केले आणि नावे कोणत्या क्रमाने येणार, हे लेखनापूर्वी कागदावर उतरवावे. केवळ मार्गदर्शक आहे म्हणून नाव घालणे हेही दुसऱ्याच्या श्रमावर हक्क सांगणेच आहे. तिसरी, प्रकाशकाला हक्क देताना लेखी करारात मुदत व प्रदेश लिहून घ्यावेत. ते न लिहिल्यास कायदा मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारत असे धरतो. हक्क दिल्यावरही आपले कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा विशेष अधिकार ५७ व्या कलमान्वये अबाधित राहतो. चौथी, क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणे व संमतिपत्रे विभागात जतन करावीत, म्हणजे वाद उत्पन्न झाल्यास मूळ पुरावा हाताशी राहील. पाचवी, मराठी प्रबंधांच्या बाबतीत यंत्राच्या अहवालासोबत, त्या विषयातील जुने मराठी वाङ्मय वाचलेल्या एका परीक्षकाचा स्वतंत्र अभिप्राय घ्यावा.

आणि अन्याय झालेल्या संशोधकाने तक्रार करावी. विभागीय समिती त्यासाठीच आहे. संकोच सोडावा, तक्रार करणे म्हणजे भांडखोरपणा नव्हे. आपल्या कामात ज्यांचे शब्द आणि ज्यांचा वेळ गुंतलेला असतो, त्यांच्या वतीनेही आपण बोलत असतो. मी हे उशिरा शिकलो. आमच्या विद्यार्थ्यांनी ते वेळीच शिकावे, एवढीच अपेक्षा.